नाकीडोळी नीटस: कोरियन हॉरर आणि चेहऱ्यावरची सुरी

कोरियन भाषेत एक शिवी आहे, सॉंगग्वे. ‘सॉंगह्यॉंग’ म्हणजे प्लास्टिक सर्जरी आणि ‘ग्वेमुल’ म्हणजे राक्षस, या दोन शब्दांची पहिली अक्षरं जोडून ती तयार झालीये. एखादीने सर्जरी केलीये हे बघताक्षणी कळलं की नेटवर तिला हा शब्द फेकून मारतात. आणि हे त्या देशात, जिथे मुलीला लहानपणापासून डोळे असे हवेत, नाक तसं हवं, जबडा बारीक हवा हे घरात, शाळेत, ऑफिसात सगळीकडून ऐकवलं जातं. म्हणजे आधी तिला सुरीखाली ढकलायचं आणि ती उठून बसली की तिलाच राक्षस म्हणायचं. सर्जरीवरचे कोरियन हॉरर पिक्चर समजून घ्यायचे असतील तर माझ्या मते हा एक शब्द आधी नीट कळायला हवा, कारण त्यातले चांगले पिक्चर एकच प्रश्न विचारत असतात, की या सगळ्यात राक्षस नक्की कोण?

आपल्याकडे हे पिक्चर बघून लोक पटकन म्हणतात, बघा, जास्त सुंदर व्हायला गेली आणि शिक्षा झाली. मला हे वाचन अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

कोरियन भुतांपासून सुरुवात करू. त्यांचं सगळ्यात ओळखीचं भूत म्हणजे छॉन्यॉ ग्विशिन, लग्नाआधीच मेलेली मुलगी, अंगावर पांढरे कपडे आणि मोकळे काळे केस तोंडावर आलेले. ती परत येते कारण तिच्यावर अन्याय झालेला असतो आणि तो कुणी ऐकून घेतलेला नसतो, या आत साठलेल्या दुःखाला ते ‘हान’ म्हणतात. आणि दुसरं एक भूत आहे जे मला जास्त भीतीदायक वाटतं, दालग्याल ग्विशिन, म्हणजे शब्दशः अंड्याचं भूत. त्याला डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही, चेहऱ्याच्या जागी नुसतं अंड्यासारखं गुळगुळीत काहीतरी. सर्जरीची क्लिनिकं यायच्या कितीतरी आधीपासून तिथे आजीच्या गोष्टींमधे एक मोठी भीती ही होती, की समोरच्याला चेहराच नाहीये. ऑपरेशननंतर बँडेजात गुंडाळलेलं डोकं पडद्यावर दिसतं ना, त्यात कोरियन प्रेक्षकाला हे जुनं अंडं पण कुठेतरी दिसत असणार असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट आईबापांची. कन्फ्यूशियसच्या परंपरेत एक शिकवण आहे की हे शरीर, हे केस, ही कातडी आईवडिलांनी दिलेली आहे, तिला इजा होऊ न देणं ही त्यांच्या सेवेची पहिली पायरी. हे नुसतं पुस्तकात नव्हतं. १८९५ मधे सरकारने हुकूम काढला की पुरुषांनी डोक्यावरची केसांची गाठ कापून केस बारीक करावेत, तर लोक रस्त्यावर आले, चोई इक-ह्यॉन नावाच्या विद्वानाचं म्हणणं प्रसिद्ध आहे की माझी मान कापा पण केस कापू देणार नाही. केसांसाठी मान द्यायला तयार असलेल्या समाजात पुढच्या शंभरेक वर्षांत असं झालं की आईच मुलीला हाताला धरून डोळ्यांच्या ऑपरेशनला घेऊन जायला लागली. एवढा मोठा उलटफेर पचत नाही, तो कुठूनतरी बाहेर येतो, आणि पिक्चरमधे आला.

मुलीला घेऊन जायला लागली हे मी उगाच म्हणत नाहीये. कोरियात नोव्हेंबरमधे सुनंग नावाची परीक्षा असते, आपल्या बारावी आणि एन्ट्रन्सचं सगळं टेन्शन एका दिवसात कोंबावं तशी. त्या दिवशी मुलं वेळेत पोचावीत म्हणून ऑफिसं उशिरा उघडतात, इंग्लिश ऐकण्याचा पेपर चालू असताना विमानं उतरवत नाहीत. आणि परीक्षा संपली की सोलच्या गंगनाम भागातल्या क्लिनिकांचा सीझन सुरू होतो, परीक्षेची हॉल तिकीट दाखवा आणि डोळ्यांच्या ऑपरेशनवर डिस्काउंट घ्या. जी हॉल तिकीट मुलीने परीक्षेला बाकावर ठेवली होती तीच तिने त्याच महिन्यात रिसेप्शनवर काढून दाखवायची. परीक्षा झाली, आता कॉलेजला जाशील, तर डोळे करून घेऊ, हे आईवडिलांचं बक्षीस असतं आणि बऱ्याच घरांमधे खरोखर मायेने दिलेलं असतं, हे लक्षात ठेवा, कारण पिक्चरमधे भीती या मायेतूनच येते.

डोळ्यांचं ऑपरेशन म्हणजे काय ते पण सोप्यात सांगते. आपण डोळा उघडतो तेव्हा वरची पापणी उचलणारा एक स्नायू असतो, काही लोकांमधे त्याचे धागे पापणीच्या कातडीपर्यंत पोचलेले असतात म्हणून डोळा उघडला की कातडीला घडी पडते. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांमधे ते तिथपर्यंत जोडलेले नसतात, पापणी सपाट राहते. डॉक्टर तीच जोडणी करून देतात, एकतर टाके आत पुरून नाहीतर चीर देऊन. कोरियात अनेकांना ही घडी जन्मतःच असते, त्यामुळे ‘त्यांना गोऱ्यांसारखं दिसायचंय’ हे आपण म्हणतो ते अर्धवट आहे. पण अगदी खोटं पण नाही. कोरियन युद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा १९५४ मधे अमेरिकन सैन्याबरोबर राल्फ मिलार्ड नावाचा प्लास्टिक सर्जन तिथे होता, त्यानेच लिहून ठेवलंय की एका कोरियन दुभाष्याने येऊन त्याला आपले डोळे गोल करून मागितले. याच मिलार्डने त्याच काळात कोरियात दुभंगलेला ओठ शिवायची जी पद्धत बसवली ती आजही जगभर वापरतात, आपल्याकडच्या लहान बाळांचे ओठ पण तिच्याने शिवले जातात. एकच माणूस, एकच हात. ज्याचा ओठ फाटलेला आहे त्याला हसू परत देणारा आणि ज्याच्या डोळ्यात काहीच बिघाड नाही त्याचा डोळा बदलणारा.

इथे आपल्या पुण्याचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाहीये. १७९४ च्या ऑक्टोबरमधे लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमधे एक बातमी छापून आली, कावसजी नावाचा मराठा, इंग्रज फौजेत बैल हाकणारा, टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक कापलं होतं. पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवीन नाक बसवलं, आणि इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी बघितलं. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून घेतलं नाही. ती बातमी वाचूनच पुढे १८१४ मधे लंडनला कार्प्यू नावाच्या सर्जनने हे ऑपरेशन करून दाखवलं आणि युरोपात या विद्येने परत जोर धरला. नाक कापलं जाणं म्हणजे अब्रू जाणं हे आपल्या भाषेतच आहे, कावसजीला नाक मिळालं म्हणजे लोकांत मान वर करून वावरायचा हक्क परत मिळाला. प्लास्टिक सर्जरी मुळात इथून निघालीये. कोरियात जे झालं ते असं, की नाक कुणीच कापलेलं नसताना सुद्धा अब्रू गेल्यासारखं वाटायला लागलं.

आणि त्याला कारणं अगदी रोकडी आहेत. कित्येक वर्षं कोरियात नोकरीच्या अर्जावर फोटो लावायचा हा नियमच असल्यासारखा होता. १९९७ च्या आर्थिक संकटात नोकऱ्या धडाधड गेल्या, स्पर्धा वाढली, आणि सारखेच मार्क, सारखीच डिग्री असलेल्या शंभर जणींमधे फोटोवरून चाळणी लागते हे सगळ्यांना कळत होतं. सरकारी नोकऱ्यांमधे फोटो न बघता भरती करायचं धोरण २०१७ मधे आलं. म्हणजे तोपर्यंत एखादी मुलगी कर्ज काढून नाक करून घेत असेल तर ती डोक्याने हिशोब करत होती, नटवेपणा करत नव्हती. आपल्या लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, नाकीडोळी नीटस’ असं लिहितात ते आठवा, कोरियात सगळ्यात जास्त होणारी दोन ऑपरेशनं नाकाची आणि डोळ्यांचीच. आपण फक्त लिहून थांबलो.

आता पिक्चर. २००६ हे साल बघा. त्या एका वर्षात सर्जरीवर तीन कोरियन पिक्चर आले. ‘टू हंड्रेड पाउंड्स ब्यूटी’ ही कॉमेडी, पडद्यामागून दुसरीला आवाज देणारी जाड मुलगी सगळं शरीर बदलून स्टार होते, साठ लाखांच्या वर तिकिटं विकली गेली. किम की-डुकचा ‘टाइम’, ज्याला हॉरर म्हणत नाहीत पण माझ्यासाठी तो हॉररच आहे. आणि बोंग मान-देचा ‘सिंड्रेला’, जो सरळसरळ भुताचा पिक्चर आहे. (‘ग्वेमुल’ याच नावाचा नदीतल्या राक्षसाचा पिक्चर पण त्याच वर्षीचा, जगात तो ‘द होस्ट’ म्हणून माहितीये.) एकाच वर्षी एकाच विषयावर लोक हसले पण आणि घाबरले पण, आणि हसवणारा पिक्चर कितीतरी पटीने जास्त चालला.

‘टाइम’मधल्या बाईला वाटतं की बॉयफ्रेंड आपल्या चेहऱ्याला कंटाळलाय. ती गायब होते, चेहरा बदलते, सहा महिन्यांनी अनोळखी बाई बनून त्याच्या आयुष्यात येते, तो हिच्या प्रेमात पडतो पण मनातून जुनीलाच शोधत असतो, आणि मग ही स्वतःच्याच जुन्या चेहऱ्यावर जळायला लागते. सुरुवातीला क्लिनिकच्या दारात ती एका मास्क लावलेल्या बाईला धडकते, तिच्या हातातली फोटोफ्रेम पडून फुटते, आणि शेवटी आपल्याला कळतं की ती फ्रेम कुणाची होती. भूत नाही, रक्तपात फारसा नाही, नुसतं हे वर्तुळ. या दिग्दर्शकावर पुढे बायकांनी गंभीर आरोप केले, तेव्हापासून मला त्याचे पिक्चर आधीसारखे बघता येत नाहीत, पण हे वर्तुळ डोक्यातून जात नाही हे पण खरं.

‘सिंड्रेला’बद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, आणि पुढे शेवट फोडणार आहे, बघायचा असेल तर हा परिच्छेद सोडा. आई प्लास्टिक सर्जन, एकटी, यशस्वी, तिची शाळकरी मुलगी ह्यॉन-सू. मुलीच्या मैत्रिणी या आईकडेच येऊन चेहरा करून घेतात, आणि मग त्यांना काहीतरी दिसायला लागतं, स्वतःचा चेहरा आपला वाटेनासा होतो आणि सुरी हातात येते. इथपर्यंत वाटतं की झालं, सुंदर व्हायला गेलेल्यांना शिक्षा. पण मग तळघर उघडतं. लहानपणी मुलीचा चेहरा जळालेला असतो आणि आईने तिला चेहरा मिळावा म्हणून अनाथाश्रमातून एक दुसरी मुलगी आणलेली असते. चेहरा काढून घेण्यासाठी. म्हणजे भूत त्या मुलीचं आहे जिच्याकडून घेतलं गेलं, जिला कुणी विचारलंच नाही. आईवडिलांनी दिलेली कातडी ही ती जुनी शिकवण इथे पूर्ण उलटी होते, ही आई पोटच्या पोरीला कातडी देते पण दुसऱ्या कुणाच्या पोरीची. आणि आईचं प्रेम खोटं नाहीये, हेच सगळ्यात वाईट. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी त्या आईवर चिडले होते, दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं की ती अख्ख्या पिक्चरमधे मुलीच्या हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवून बघते तसं माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका मुलींचे चेहरे बघतात, पिंपल आलाय का, काळी पडलीस का. बघणं तेच, ते बोट हनुवटीला तसंच.

२०२० च्या ‘ब्यूटी वॉटर’मधे हेच अजून पुढे जातं. हा अॅनिमेशन पिक्चर आहे, ओ सॉंग-दे यांच्या वेबटूनवरून, म्हणजे नेटवरच्या चित्रकथेवरून केलेला, दिग्दर्शक चो क्यॉंग-हून. येजी नावाची मेकअप करणारी जाड मुलगी, नेटवर लोकांनी तिची टर उडवलेली, तिला एक बाटली मिळते. ते पाणी मिसळून त्यात चेहरा बुडवला की मांस मऊ होतं, मळलेल्या कणकेसारखं, हवं तेवढं काढा, हवा तसा आकार द्या. सर्जरीची जाहिरात जे वचन देते ते इथे शब्दशः घेतलंय, दुखणार नाही, लगेच होईल, कुणाला कळणार नाही. आणि मग ती पाण्यात जास्त वेळ राहते, मांस वितळून जातं, आणि ते भरून काढायला कुणाचं मांस लागतं? आईबापांचं. ते देतात. त्यांचे गाल बसलेले, हात काटकुळे झालेले दाखवलेत ते बघवत नाही, मुलीच्या ऑपरेशनसाठी घर गहाण ठेवणारे आईबाप ज्यांना माहिती आहेत त्यांना तर नाहीच. याचा शेवट मात्र मला आवडला नाही, तिथे पिक्चर परत येजीलाच दोषी ठरवून मोकळा होतो. जिची टर उडवली तीच राक्षस. म्हणजे दिग्दर्शक पण शेवटी ती शिवीच देऊन बसला.

आता खऱ्या सुरीकडे येते. डोळ्यांचं ऑपरेशन तसं छोटं, पण जबड्याचं छोटं नाही. माझी मामेबहीण डेंटिस्ट आहे, तिला मी विचारलं की चेहरा निमुळता करतात म्हणजे नक्की काय करतात, तर तिने मला माझाच अंगठा कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवायला लावला आणि म्हणाली हा कोपरा करवतीने उडवतात. दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन असेल तर वरचा जबडा कवटीपासून सुटा करून, खालचा उभा चिरून दोन्ही सरकवतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. दात नीट न जुळणाऱ्या, चावता न येणाऱ्या लोकांसाठी हे ऑपरेशन निघालं आणि त्यांच्यासाठी ते वरदान आहे. पण खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, ओठ आणि हनुवटीची संवेदना तिच्यात असते, ती दुखावली तर ओठावरून पाणी ओघळलं तरी कळत नाही. आणि रक्त खूप जातं. निव्वळ फोटोत चेहरा लहान दिसावा म्हणून हे करणं किती मोठं आहे ते तो अंगठा तिथे ठेवल्यावर मला कळलं. २०१४ च्या सुरुवातीला गंगनामच्या एका क्लिनिकने पेशंटांच्या जबड्यातून कापलेल्या हाडांच्या तुकड्यांचा काचेचा मनोरा करून लॉबीत शोभेला ठेवला होता, तुकड्यांवर नावं सुद्धा लिहिलेली. बोभाटा झाल्यावर दंड झाला, तो वैद्यकीय कचऱ्याचे नियम मोडले म्हणून.

त्याच्या महिनाभर आधी, २०१३ च्या डिसेंबरमधे, सुनंग देऊन आलेली एक मुलगी डोळे आणि नाकाचं ऑपरेशन करताना कोमात गेली होती. त्यानंतर प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनेच पुढे येऊन बाहेर काढलं की तिथे ‘भूत सर्जरी’ चालते. होय, शब्दच हा आहे, युर्योंग सुसुल, भुताने केलेलं ऑपरेशन. टीव्हीवर दिसणारा मोठा डॉक्टर तुम्हाला तपासतो, हसून बोलतो, पैसे घेतो, तुम्हाला भूल चढते आणि मग दुसराच कुणीतरी आत येऊन कापतो, आणि मोठा डॉक्टर तोवर पुढच्या खोलीत पुढच्या पेशंटशी हसून बोलत असतो. पेशंटला कधीच कळत नाही, कारण तो झोपलेला असतो.

२०१६ च्या सप्टेंबरमधे गंगनाममधे कॉलेजात शिकणाऱ्या २४ वर्षांच्या एका मुलाने जबड्याचं ऑपरेशन करून घेतलं. हो, मुलाने, सगळ्या पिक्चरमधे मुलीच दाखवलेल्या असल्या तरी. रक्त थांबेना. मुख्य डॉक्टर अर्ध्यातून उठून दुसऱ्या ऑपरेशनला गेला होता, उरलेलं एका नवख्या डॉक्टरवर सोपवून, आणि शेवटी शेवटी तर खोलीत नुसत्या मदतनीस होत्या. हे सगळं कळलं कारण खोलीत कॅमेरा होता आणि त्या मुलाच्या आईने ते फुटेज मिळवलं. तिने ते पाचशेपेक्षा जास्त वेळा बघितलं. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, सगळं तिने लिहून काढलं, खालच्या फरशीवरचं रक्त पुसायला मॉप किती वेळा फिरला ते पण मोजलं, तेरा वेळा. पोटच्या पोराचं मरण पाचशे वेळा थांबवत थांबवत बघायचं आणि मॉप मोजायचा, मला हे लिहिताना सुद्धा हात थांबतोय.

मग ती पाटी घेऊन संसदेबाहेर एकटी उभी राहायला लागली. मुख्य डॉक्टरला तीन वर्षांची शिक्षा झाली. २०२१ च्या ऑगस्टमधे संसदेने कायदा केला की पेशंट बेशुद्ध असेल अशा प्रत्येक ऑपरेशनच्या खोलीत कॅमेरा हवा, डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध होता तरी, आणि २५ सप्टेंबर २०२३ पासून तो लागू झाला. रेकॉर्डिंग आपोआप होत नाही, पेशंटने किंवा घरच्यांनी आधी मागणी करावी लागते, त्यामुळे तिथे कुणी ऑपरेशनला जाणार असेल तर हे माहिती हवं. आणि कुणी तक्रार करून मागितलं नाही तर क्लिनिकला ते फुटेज तीस दिवसच ठेवायचं बंधन आहे.

तो मुलगा ऑपरेशननंतर जवळजवळ सात आठवडे जगला होता.